पाल्याची गोष्ट कशी लिहावी

साहित्य: एक मूल (वय सहा ते नऊ), शाळेतून आलेला बालकथा-चित्र स्पर्धेचा कागद, अर्धा डझन ड्रॉइंग शीट, तेलखडूंची पेटी आणि शेवटच्या तारखेची आदली रात्र. हा कागद दप्तरात डब्याखाली चपटा होऊन पडलेला असतो आणि सापडतो तोच आदल्या रात्री, त्यामुळे रात्रीची वेगळी सोय करावी लागत नाही.

आधी नियम वाचा. गोष्ट दोनशे शब्दांत, चित्रं किमान पाच, दोन्ही मुलाने स्वतः केलेली. शेवटची अट वाचून नवखे पालक दचकतात. दचकू नये. अटीखाली सहीसाठी रेघ असते आणि सही पालकांचीच मागितलेली असते.

आता मुलाला विचारा, ‘काही सुचलंय का?’ सुचलेलं असतं, ही पहिली अडचण. समजा गोष्ट अशी आहे: एका पालीची शेपटी तुटते. पाल ट्यूबलाइटच्या मागे जाऊन बसते. शेपटी मात्र वळवळत जिना उतरते आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहते. कंडक्टर म्हणतो, पूर्ण पाल नाही ना, मग अर्धं तिकीट. शेपटीकडे सुट्टे नसतात. इथे गोष्ट थांबते, कारण लेखकाला भूक लागते.

हसू नका. हसलात तर ते पुढचं सांगायला लागेल आणि अकरा वाजतील. गंभीर चेहरा ठेवून दुरुस्तीला बसा. पाल दिसली की आजी झाडू शोधतात, मग ती परीक्षकांपुढे कशी न्यायची? चिमणी करा. चिमणीची शेपटी तुटून पळत नाही, तेव्हा पंखाला इजा होऊ द्या. इजा झालेला पंख एकटा बस पकडणार नाही, म्हणून बसस्टॉप काढून टाका, तिथे वडाचं झाड लावा. कंडक्टरला बढती देऊन गुरुजी करा. सुट्ट्या पैशांचा विषय बालमनाला नकोच. झालं: चिमणी, वड, गुरुजी, शिवाय पर्यावरणही आलं. खाली चौकट आखून तात्पर्य लिहा. माधुरी पुरंदऱ्यांच्या चित्रपुस्तकांत अशी चौकट शोधत बसू नका. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात; शाळेची इज्जत राखायची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

भाषेचंही बघायला हवं. डॉ. स्यूस यांनी ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ (1960) हे अख्खं पुस्तक फक्त 50 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं, तेही प्रकाशकाशी लागलेल्या पैजेवर. तुमच्या मुलाजवळ पन्नासाहून कितीतरी जास्त शब्द आहेत, पण त्यांत ‘विहंगम’ आणि ‘कृतार्थ’ नाहीत. ते तुम्ही घाला.

खरं काम चित्रांचं. मूल चित्र काढतं तेव्हा शेपटी बसपेक्षा मोठी असते, कारण गोष्ट शेपटीची आहे, बसची नाही. बसची चारही चाकं एकाच बाजूला दिसतात. आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला दोन बोटं निळा पट्टा, खाली जमीन, आणि मधे काहीच नाही. तिथे काय आहे असं विचारलं तर ‘तिथे आपण आहोत’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर लगेच विसरा आणि आकाश जमिनीला टेकवा. मूल झोपलं की उरलेली चित्रं बाबांनी हाती घ्यावीत. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेली आहे, हे ते एरवीही सांगत असतातच. मात्र सफाई दिसली तर पकडले जाल. म्हणून डाव्या हाताने रंगवा आणि रंग रेघेबाहेर जाऊ द्या. (मूल मात्र जीभ बाहेर काढून रंग रेघेच्या आत ठेवायची शिकस्त करत असतं. त्यामुळे जी चित्रं जास्त नीटनेटकी दिसतील ती त्याची, असा हिशेब लिफाफा चिकटवेपर्यंत लक्षात ठेवा.)

एखादी वस्तू जमतच नसेल तर? मॉरिस सेंडाकना घोडे काढता येत नव्हते. पुस्तक रानटी घोड्यांवर करायचं ठरलं होतं. त्यांनी घोडे सोडले आणि लहानपणी घरी येणारे, गालगुच्चे घेणारे मामा-मावश्या आठवून राक्षस काढले. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ 1963 मध्ये आलं आणि अजून खपतं. आपल्याकडे हा मार्ग घेऊ नये. गणपतीत सगळे एकत्र जमतात.

निवड झालीच तर बक्षीस समारंभात मुलाला गोष्ट सांगायला लावतात. आठवडाभर पाठ करून घ्या. चिमणीपाशी ते अडखळलं तर पुढच्या रांगेतून ओठ हलवा. तरीही त्याच्या तोंडून पाल बाहेर पडली, सभागृह हसलं आणि परीक्षक पुढे वाकून ‘मग सुट्टे कोणी दिले?’ असं विचारू लागले, तर तुम्ही पाणी प्यायला बाहेर जाऊ शकता.

ज्यांना एवढं करूनही समाधान होत नाही, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये मुलांच्या चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा सुरू केली आणि 1957 मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभारला. या ट्रस्टने मुलांसाठी लिहिणाऱ्या मोठ्यांच्याही स्पर्धा घेतल्या आहेत. अशा एखाद्या स्पर्धेचा अर्ज मागवा, वयाच्या रकान्यात स्वतःचं खरं वय भरा आणि चिमणी तिकडे पाठवा. इथल्या अर्जावर पाल राहू द्या.