शेवटच्या इच्छेचा भाव

मृत्युपत्र हे माणसाने हयातीत लिहायचे आणि हयातीनंतर वाचले जायचे पत्र आहे. त्याला उत्तर पाठवण्याची सोय नसते. काही घरांत ते अप्रिय असते ते बहुधा याच कारणाने. दिवेलागणीच्या वेळी ‘मृत्यू’ हा शब्द तोंडातून काढू नये असे मानणाऱ्यांसाठी ‘इच्छापत्र’ असे एक सोज्वळ नाव आहे. कायद्याला दोन्ही नावे सारखीच.

या पत्राकडून कायद्याची अपेक्षा माफक आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यादेखत सह्या कराव्यात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. एवढेच. स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोटरी नको, नोंदणीसुद्धा ऐच्छिक. शाळेतल्या पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने लिहिलेले मृत्युपत्र चालते. प्रत्यक्ष युद्धावर असलेल्या सैनिकाला तर ते तोंडी करण्याचीही मुभा आहे. निवृत्त सुभेदारांना ही सवलत गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत मिळत नाही, युद्ध कितीही प्रत्यक्ष असले तरी.

याच कायद्याचे कलम ७४ विशेष वाचनीय आहे. मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द वापरण्याची गरज नाही, करणाऱ्याचा हेतू समजेल अशी भाषा पुरे, असे ते सांगते. कायद्याने स्वतःच्या भाषेबद्दल दाखवलेला इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ असावा. ‘माझा राहता फ्लॅट माझ्यामागे बायकोला, तिच्यानंतर दोन्ही मुलींना निम्मा-निम्मा’ हे वाक्य ‘सबब उपरोक्त लिहून ठेवणार यांनी’ या सुरुवातीशिवायही उभे राहते.

इतक्या सोप्या गोष्टीचा व्यापार कसा उभा राहिला, याचे उत्तर फ्लॅटच्या किमतीत आहे. काही हजारांत घेतलेली दोन खोल्यांची जागा कोटीत गेली, आणि आयुष्यभर ज्याने कुणाला उसनेही दिले नव्हते तो गृहस्थ सत्तरीत अचानक ‘इस्टेटवाला’ झाला. त्याची मुले एक पुण्यात, एक बंगळुरात, एक न्यू जर्सीत. अशा माणसाच्या दारात वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक येऊन पडते.

या पत्रकाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवण्याची बंदी आहे. म्हणजे ज्याने मृत्युपत्राचे पत्रक छापले तो बहुतेक वेळा वकील नसतो, आणि असला तर नियम मोडत असतो. मृत्युपत्र लिहून देण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. म्हणून पत्रकावर ‘वारसा नियोजन तज्ज्ञ’ अशी पदवी असते. ती देणारे विद्यापीठ आणि घेणारा विद्यार्थी एकच. दुसरी खूण बिलावर सापडते. वकिलाने खाजगी व्यक्तीला दिलेल्या कायदेविषयक सेवेवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात १८ टक्क्यांची ओळ दिसली की समोर वकील नसून दुकान आहे असे समजावे. दुकान असणे हा गुन्हा नव्हे. दुकानात काय विकत मिळते ते पाहून घ्यावे, इतकेच.

ही विक्री जवळून पाहायची तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहातले मोफत व्याख्यान गाठावे. चार वाजताचे व्याख्यान साडेतीनलाच भरते, कारण पत्रकाच्या खाली बारीक अक्षरांत ‘चहा-नाश्ता’ असते. पहिल्या स्लाइडवर न्यायालयाची इमारत, तीही ढगाळ हवेत काढलेली. दुसरीवर एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन भाऊ. तिसरीवर तीन रकाने: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सिल्व्हरमध्ये मृत्युपत्र असते. गोल्डमध्ये तेच मृत्युपत्र स्टॅम्पपेपरवर, म्हणजे जो लागत नाही त्यावर. प्लॅटिनममध्ये चामड्याची फाइल, ‘आजीवन सुधारणा’ आणि पुढे प्रोबेटची हमी. आजीवन म्हणजे कुणाच्या जीवनापर्यंत, ते लिहिलेले नसते. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारते, “साध्या कागदावर चालतं ना?” व्याख्याता गोड हसतो. “चालतं हो काका. पण रिस्क कोणी घ्यायची?”

सारा धंदा या वाक्यावर उभा आहे. पहिला भाग खरा असतो आणि पैसे दुसऱ्या भागाचे घेतले जातात.

विश्वासू लेखनिक ओळखण्याची रीत त्याच्या प्रश्नांत आहे. दुकानदार आधी ‘एकूण इस्टेट किती?’ असे विचारतो. जाणकार वकील विचारतो की मुले किती, पहिल्या लग्नाची कुणी आहेत का, जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, फ्लॅटवर कर्ज आहे का, आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कुठे आहे. मग तो चष्मा पुसून ते सर्टिफिकेट उलटसुलट पाहतो आणि बोट ठेवतो: मालक म्हणून अजून वडिलांचेच नाव, आणि वडिलांना जाऊन २२ वर्षे झालेली. “आधी हे सरळ करून या, मृत्युपत्राचं मग बघू.” ज्याने आलेली फी अशी परत पाठवली, त्याच्याकडे निर्धास्तपणे परत जावे. गाव असेल तर सातबारा आणि फेरफार, शहर असेल तर प्रॉपर्टी कार्ड, हे कागद न पाहता मसुदा देणारा माणूस मृत्युपत्र नव्हे, कादंबरी लिहीत असतो.

मसुदा गावागावाप्रमाणे बदलतो, हेही तयार नमुने विकणाऱ्यांना पसंत नसते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यातून चालत आली आहे. तिथे मुलाबाळांचा निम्मा वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्राने देता येतो तो उरलेला निम्मा. ‘सर्व स्थावर-जंगम मिळकत धाकट्यास’ हा पुण्यात छापलेला नमुना मडगावच्या माणसाने विकत घेतला, तर धाकट्याला फक्त फाइल मिळण्याची शक्यता आहे. मुस्लिम कायद्यातही साधारणपणे एक तृतीयांशाच्या पुढे वारसांच्या संमतीशिवाय जाता येत नाही.

संगणकावर दहा मिनिटांत मृत्युपत्र करून देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. मसुद्यापुरत्या त्या वाईट नाहीत, प्रश्नावली बरी असते. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने मृत्युपत्राला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ई-स्वाक्षरी आणि ओटीपी यांनी बँकेतले पैसे हलतील, मृत्युपत्र होणार नाही. छापून घ्यावे, शाईने सही करावी, दोन जिवंत माणसे समोर बसवावीत. व्हिडिओ काढायला हरकत नाही. सही मात्र तो करत नाही.

साक्षीदारांविषयी महाराष्ट्रात एक हट्टी चूक रूढ आहे. कट्ट्यावरचे तीन समवयस्क मित्र एकमेकांच्या मृत्युपत्रांवर आळीपाळीने सह्या करतात. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला उभे करावे लागते, आणि तोपर्यंत कट्टा रिकामा झालेला असतो. साक्षीदार वयाने लहान, पत्ता न बदलणारा आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळत नाही असा असावा. सेवेने ‘साक्षीदार आमचे’ म्हणून ऑफिसातला पोऱ्या पुढे केला तर नम्रपणे नकार द्यावा. वीस वर्षांनी तो कुठल्या शहरात कोणती नोकरी करीत असेल, हे त्यालाही माहीत नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात मृत्युपत्रामागच्या संशयास्पद परिस्थितीची चर्चा केली. थरथरती सही, क्षीण मन, आणि ज्याला सर्वाधिक मिळाले त्यानेच लिहून घेण्यात घेतलेला पुढाकार. आजोबांना वकिलाकडे नेणारा, आत बसणारा आणि मधून मधून ‘आजोबांचं म्हणणं असं आहे’ असे सांगणारा नातू हा त्या खटल्यातला नसला तरी त्याच जातकुळीतला असतो. चांगला वकील त्याला बाहेर बाकावर बसवतो.

व्यवस्थापक, म्हणजे रूढ भाषेत एक्झिक्युटर, कुणाला नेमायचे यात दुकानाचा खरा नफा दडलेला असतो. स्वस्तातले मृत्युपत्र, आणि आत एका ओळीत कंपनीच एक्झिक्युटर, फी मिळकतीच्या टक्क्यांत. मृत्युपत्राची किंमत एकदा कळते, या ओळीची किंमत वारसांना कळते. घरातली हिशेबी भाची किंवा विश्वासू मित्राचा मुलगा हे काम सहसा फुकट करतात आणि वर चहाही पाजतात.

यानंतर प्रोबेट. मृत्युपत्र खरे आहे असा न्यायालयाने दिलेला दाखला म्हणजे प्रोबेट. मिळकत मरणाऱ्याची होती की नाही हे प्रोबेट ठरवत नाही, म्हणून ‘प्रोबेट घेतलं की फ्लॅट तुमचा’ हे वाक्य अर्धे खोटे आहे. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५७ आणि २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना मुंबई, कोलकाता, चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत ते सक्तीचे होते. परिणामी मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडच्या फ्लॅटला प्रोबेट लागे आणि पलीकडे ठाण्यातल्या फ्लॅटला लागत नसे. मृतात्म्याने नाका ओलांडला की कायदा बदले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायद्याद्वारे कलम २१३ वगळले आणि ही सक्ती संपली.

पत्रके मात्र संपली नाहीत. ‘मुंबईत प्रोबेटशिवाय पर्याय नाही’ हे वाक्य छापलेले गठ्ठे शिल्लक असणारच, आणि भीतीवर कालबाह्यतेची तारीख नसते. आता प्रोबेट हा निवडीचा प्रश्न आहे. भावंडांत तंटा दिसत असेल, कुणी सहीवरच शंका घेत असेल, तर ते जरूर घ्यावे. सहीचा वाद त्याने मिटतो. तीन मुली, तिघी एकमेकींशी बोलतात, जागा एक, असे असेल तर आधी सोसायटी आणि बँक काय मागतात ते लेखी विचारावे आणि मग खर्चाला हात घालावा.

खर्च करायचाच तर त्याचे गणित आधी समजून घ्यावे. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. वाद नसेल तर काम म्हणजे अर्ज, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, मिळकतीची यादी, वारसांना नोटिसा, आणि वाट पाहणे. दादरचा फ्लॅट असो वा दहिसरचा, अर्जाची पाने तितकीच. तरीही ‘इस्टेटीच्या तीन टक्के’ असा भाव सांगणारे भेटतात. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे वकिलाला व्यावसायिक नियमांनी मना आहे, तेव्हा टक्केवारी ऐकली की उठावे. टप्प्याटप्प्याची ठोक फी, कोर्ट फी वेगळी, वाद झाल्यास काय, हे एका कागदावर लिहून मागावे. लिहून देणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना एवढे लिहून द्यायला जड जात असेल तर कारण उघड आहे.

नॉमिनेशन केले म्हणजे मृत्युपत्राची गरज नाही, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. नॉमिनी हा सहसा मालाचा रखवालदार असतो, मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले. शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितले, तेही ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेवरून उद्भवलेल्या खटल्यात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, म्हणजे रखवालदार वाढले.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती नाममात्र फीत होते, आणि माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अधिकारी घरी येण्याचीही तरतूद आहे. ‘घरपोच नोंदणी’ या नावाने काही सेवा जे विकतात ते मुख्यतः या तरतुदीची माहिती असते. नोंदवलेले मृत्युपत्र बदलता येत नाही, हा गैरसमज. कितीदाही बदलता येते. शेवटचे चालते, मग ते नोंदवलेले असो वा नसो.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरात ठेवू नये. लॉकर कुणी उघडायचा हे आत ठेवलेल्या कागदावर लिहिलेले असते. कपाटात, पासबुकांच्या खाली, लिफाफ्यावर स्वच्छ अक्षरांत ‘मृत्युपत्र’ असे लिहून ठेवावे. जागा दोघांना सांगावी, आणि त्यातला एक तरी आपल्यापेक्षा लहान असावा.