पाकिटातली प्रजा

ऑल्डस हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये माणसं जन्माला येत नाहीत, बाटलीतून काढली जातात. 1932 सालची ही कादंबरी. लंडनच्या उबवणी केंद्रात एका अंड्यापासून शहाण्णवपर्यंत हुबेहूब जुळी निघतात. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच थर. कोण कुठल्या थरात जाणार हे बाटलीतच ठरतं. मग झोपेत कानाशी आवाज सुरू होतो, की तुझा थर तोच सगळ्यात बरा. आपल्याकडच्या वाचकाला इथं एकच प्रश्न पडतो : एवढ्याशा कामाला इतकी यंत्रं कशाला? हक्सले 1925-26 मध्ये हिंदुस्थान फिरून गेला होता. कादंबरीत लोकांना खूश ठेवणारी एक गोळी आहे, तिला ‘सोमा’ हे नावसुद्धा इथल्याच सोमरसावरून दिलं. जन्मावरून थर पाडायचं तंत्र विनाविजेचं, विनाबाटलीचं चालू आहे, हे त्यानं पाहिलं नसेल असं वाटत नाही.

असो. मला त्या पुस्तकातली रांग आठवते. पाळी संपवून डेल्टा मजूर रोजच्या सोमा-गोळ्यांसाठी उभे आहेत, सगळ्यांचे चेहरे दोनच साच्यांतले. तिथं जॉन नावाचा रानटी माणूस घुसतो, ‘हे विष आहे, मी तुम्हाला मोकळं करतो’ म्हणत गोळ्यांचे डबे खिडकीबाहेर फेकतो. मजूर त्याच्यावरच तुटून पडतात. पोलीस येतात, हातात काठ्या नाहीत, सोमाच्या वाफेचे फवारे. दोन मिनिटांत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असतात.

आता तेलंगणातलं आदिलाबाद. मे 2024. मृग तोंडावर आलेला, आणि बियाण्याच्या दुकानापुढं भल्या सकाळपासून रांग. राशी कंपनीचं कपाशीचं 659 वाण हवं. दुसरं कुठलं नको. शेजारी दुसऱ्या कंपन्यांची पाकिटं पडून आहेत, त्यांच्याकडं कुणी बघत नाही. माल कमी, माणसं जास्त, रेटारेटी झाली, पोलीस आले. विरोधकांनी लाठीमार म्हटलं, सरकारी बाजूनं तसं काही झालंच नाही म्हटलं, आणि दोन दिवस हैदराबादेत त्यावर राजकारण रंगलं. हक्सलेला हे सुचलं नसतं. हुकूमशाहीत लोक ऐकत नाहीत म्हणून पोलीस लागतात. इथं लोकांनी जरुरीपेक्षा जास्त ऐकलं म्हणून लागले.

कृषी खात्याचे अधिकारी घसा कोरडा करून सांगत होते की बोलगार्ड-2 म्हणजे बोलगार्ड-2. अळी मारणारी जनुकं सगळ्या पाकिटांत तीच, तेव्हा एकाच वाणाचा हट्ट धरू नका. बरोबरच आहे. (अधिकाऱ्यांच्या सासुरवाडीच्या शेतात कुठलं वाण होतं, हे विचारायचं नसतं.) पण शेतकऱ्याला वेडं ठरवायचीही घाई नको. बोंड मोठं, वेचायला सोपं, असा त्याचा हिशेब असतो. वेचणीची मजुरी तोच मोजतो, अधिकारी नाही. शेजाऱ्याला गेल्या साली साधलं, हा तर कुठल्याही विद्यापीठाच्या शिफारशीपेक्षा पक्का पुरावा. झोपेतल्या शिकवणीची गरजच नाही. बेला-जैनदपासून पैनगंगेपलीकडच्या पांढरकवड्यापर्यंत पारावर जे बोललं जातं ते जागेपणी बोललं जातं, आणि प्रत्येकजण स्वतःच्या अकलेनं त्याच निष्कर्षाला येतो. एकसारखी माणसं बनवायला बाटल्या लागतात हा हक्सलेचा गैरसमज होता. प्रत्येकाला कोरडवाहू जमीन, एकच नगदी पीक आणि डोक्यावर कर्ज द्या, झालं.

बाटल्या लागतात त्या बियाण्याला. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-4, 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडला. तेव्हापासून आपण संकराच्या अशा प्रेमात, की आज देशातली जवळजवळ सगळी कपाशी संकरित आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया सरळ वाण पेरतात. संकरिताचं बी राखून पुढच्या साली पेरलं तर शेतात सतरा तऱ्हेची झाडं उगवतात, म्हणून दरसाल नवं पाकीट. कादंबरीत जुनं सांधण्यापेक्षा फेकून नवं घ्यावं हे लहानपणापासून झोपेत पढवावं लागतं. इथं ते बियाण्याच्या पोटातच भरून येतं.

आणि हे उबवणी केंद्र आहे कुठं? तेलंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या गदवाल पट्ट्यात. तिथं ना पांढरे कोट, ना काचेच्या नळ्या. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर खरवडून काढायचे. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर घासायचे. एकेक फूल, असं सगळं शेत, आठवड्यामागून आठवडे. बारीक बोटं आणि कमी मजुरी हवी, म्हणून वर्षानुवर्षं या कामाला लहान पोरी जुंपल्या गेल्या. त्यावर अहवाल निघाले, कंपन्यांनी दक्षता समित्या नेमल्या. अल्फा दर्जाचं बी एप्सिलॉनच्या हातांनी तयार होतं, हा भाग हक्सलेनं अचूक लिहिलाय. फक्त त्याचे एप्सिलॉन वयानं मोठे होते.

खरी गंमत पुढं आहे. कादंबरीत कुंपणापलीकडं रानटी लोकांसाठी राखीव प्रदेश असतो. अळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीच्या योजनेतही होता. 2002 साली मान्यता देतानाच अट घातली : बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावा. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटीचं छोटं पाकीट. उद्देश असा की जनुकाला न सरावलेल्या थोड्या अळ्या तिथं सुखानं जगाव्यात, सरावलेल्यांशी त्यांनी सोयरीक करावी आणि पुढची पिढी मरण्याच्या लायकीची राहावी. अळीचं असं विवाह मंडळ चालवायला एक-दीड एकरवाल्यानं जमीन का सोडावी? त्यानं छोटं पाकीट बांधावर फेकलं. त्यात बी तरी धड असायचं का, याचीही शंका होतीच. शेवटी दोन्ही बिया एकाच पिशवीत मिसळून 475 ग्रॅमची पाकिटं आणावी लागली. राखीव प्रदेशाचं कुंपण काढून रानटी माणसं सरळ लंडनमध्ये सोडली म्हणा ना.

तोवर उशीर झाला होता. गुजरातेत 2010 च्या सुमाराला गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला पचवून बसली, मग काही वर्षांत बोलगार्ड-2 लाही. या सगळ्या आखीव जगात संस्कार न घेणारी एकटी तीच. कादंबरीतला जॉन शेवटी दीपगृहात गळफास घेतो. ही बोंडात शिरते, आतून सरकी खाते आणि बाहेरून बोंड टवटवीत दिसत राहतं. बंडखोर म्हणून मला ती जॉनपेक्षा व्यवहारी वाटते. नाव मात्र क्रांतीच्या रंगाचं नाही, गुलाबी आहे.

मग ऑक्टोबर येतो आणि तोच एकसाची कापूस गाड्यांतून आदिलाबादच्या यार्डात. मे महिन्यात सगळे 659 च्या एका रांगेत होते. आता थर पडतात. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा माणूस ओलाव्याचं यंत्र कापसात खुपसतो. 2024 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, पण तो आठ टक्के ओलाव्याला. पुढं प्रत्येक टक्क्याला कपात. बाराच्या वर आकडा गेला की सरकार त्या गाडीला ओळखत नाही. पहाटे दव पडलेलं, गाडी रात्रभर उघड्यावर उभी, आकडा बाराच्या वर जायला फार काही लागत नाही. मग यार्डातच थोड्या अंतरावर खासगी व्यापारी उभा असतो. त्याच्याकडं यंत्र नसतं, तो मूठभर कापूस हातात दाबून भाव सांगतो.