फ्रीजची वास्तुशांत

घर कशासाठी घ्यायचं असतं, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. फ्रीज ठेवायला.

पुतण्यानं हिंजवडीच्या अलीकडे फ्लॅट घेतला. टू बीएचके, चौदावा मजला, वीस वर्षांचं कर्ज. पूर्वी बिल्डर मंडळी जिना, लिफ्ट, पॅसेज आणि बहुधा समोरच्या टेकडीचा थोडा भागही क्षेत्रफळात धरत. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायदा पुरता लागू झाला आणि त्यांना चटईक्षेत्र सांगणं भाग पडलं. म्हणजे घरात पाय ठेवायला खरोखर किती जागा आहे, ते. पुतण्याच्या वाट्याला ६४० चौरस फूट आले. ताबा मिळाल्यावर सगळ्यांनी फिरून फिरून ती जागा पाहिली, खूप मोकळं वाटतं असं एकमेकांना सांगितलं, आणि त्याच रविवारी आम्ही ती भरून काढायला बाहेर पडलो.

आम्ही म्हणजे पुतण्या, सूनबाई, वहिनी आणि ‘अनुभवी माणूस’ म्हणून मी. माझा अनुभव म्हणजे १९९१ साली घेतलेला १६५ लिटरचा एक फ्रीज. तो अजून चालू आहे. दुकानात मी हे अभिमानानं सांगितलं, तेव्हा गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तिथल्या तरुणानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की असा माणूस प्रत्येक घरात एक जरी निघाला तरी आपली नोकरी जाईल.

त्यानं मुलांना थेट दोन शेजारी दारांच्या कपाटापुढे उभं केलं. सहाशे लिटरच्या वर. घरात माणसं दोन. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री आठला उगवतात आणि शनिवार-रविवार बाहेर जेवतात. म्हणजे माणशी तीनशे लिटर गारवा, तोही गैरहजेरीत.

“मॅडम, हा वाय-फायवाला आहे. आत काय काय आहे ते ऑफिसमध्ये बसून दिसतं.”

“आम्हाला दार उघडलं की दिसतं,” वहिनी म्हणाल्या. “मळलेल्या कणकेचा डबा कुठे बसतो?”

तो गडबडला. बर्फ पाडायची जागा होती, शीतपेयाच्या बाटल्यांसाठी दारात दार होतं, फ्रीजरचा फ्रीज करायची सोय होती. पण कणकेचा डबा, कालची आमटी आणि अर्ध्या लिंबाची वाटी यांचा विचार ते यंत्र बनवणाऱ्यानं केला नव्हता. त्या कपाटात राहणारं कुटुंब वेगळंच होतं. ते सकाळी संत्र्याचा रस पितं, त्याच्याकडे हिरव्या द्राक्षांचा घोस कायम असतो आणि त्याची काहीच उरलीसुरली भाजी नसते. पुतण्याला ते कुटुंब आवडलं. त्यानं फ्रीज घेतला.

बिल्डरनं स्वयंपाकघरात फ्रीजसाठी सोडलेला कोनाडा अठ्ठावीस इंचांचा. फ्रीज छत्तीस इंचांचा. हे फ्रीज घरी आल्यावर समजलं. आता तो हॉलमध्ये टीव्हीसमोर उभा आहे आणि ज्या तीन माणसांच्या सोफ्याची ऑर्डर द्यायची होती तो दोन माणसांचा झाला आहे. तिसऱ्या माणसाची जागा फ्रीजनं घेतली.

पुढचा विभाग एसीचा. तिथला टन वजनाचा नाही. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यात एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून ते माप पडलं. दहा बाय अकराच्या बेडरूमला एक टन पुरला असता. पण “सर, चौदावा मजला, पश्चिमेचं ऊन” असं म्हणत त्या तरुणानं दीड टन लादला. एवढा बर्फ खरोखर आणून ठेवला असता तर आधी पलंग बाहेर काढावा लागला असता.

मग तारे. २००६ पासून आपल्या देशात यंत्रांच्याही पत्रिका निघतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं लेबल चिकटवलेलं असतं आणि त्यावर एक ते पाच तारे असतात. माणसांच्या लग्नात छत्तीस गुण पाहायचे असतात, इथं पाचांतच भागतं. पण घरच्यांचा चेहरा तसाच गंभीर होतो. पाच ताऱ्यांचं स्थळ तीन ताऱ्यांच्या स्थळापेक्षा नऊ हजारांनी महाग होतं. लेबलवर वर्षाचे युनिट छापले होते : एकावर ९८०, दुसऱ्यावर ७५०. वाचले २३०. युनिटला दहा रुपये धरले तर चार वर्षांत पैसे वसूल, असं त्या तरुणानं कॅल्क्युलेटरवर दाखवलं.

लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरं असतात. ती वाचणं हे निवृत्त माणसाचं काम. तिथला हिशेब वर्षाला १६०० तास एसी चालवण्याचा आहे. पुण्यातली ही जोडी तो एप्रिल-मेच्या रात्री चालवणार, फार तर चारशे तास. म्हणजे वर्षाला वाचणार साडेसत्तावन्न युनिट, पावणेसहाशे रुपये. नऊ हजार वसूल व्हायला साडेपंधरा वर्षं. शिवाय दर काही वर्षांनी निकष कडक होतात, तेव्हा कालचा पंचतारांकित आज चौतारांकित होतो. मी हे मांडल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, पण पर्यावरण?” पर्यावरणापुढे मी नेहमीच गप्प बसतो. २०२० पासून एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असावा असा नियम आहे. पर्यावरणवादी पुतण्या तो लगेच १८ वर आणतो आणि दुलई ओढून झोपतो. ती दुलईही त्याच आठवड्यात घेतली.

२२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. या वाचलेल्या पैशांचं काय करायचं, हे दुकानानं आमच्या आधीच ठरवून ठेवलं होतं : वाढीव वॉरंटी. यंत्र उत्तम आहे, दहा वर्षं हात लावावा लागणार नाही, हे तो तरुण पाऊण तास सांगत होता. बिल करायच्या टेबलाशी येताच त्याचा आवाज दाटला. “सर, आजकाल पीसीबीचा काही भरवसा नाही.” तेच यंत्र वीस पावलं चालून येईपर्यंत आजारी पडलं होतं.

पैसे क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’नं. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही जगात नसतं, ग्राहकाला तसं भासवू नका. बाजारानं आज्ञा शिरसावंद्य मानली. ‘शून्य टक्के’ ही पाटी उतरवली आणि ‘नो कॉस्ट’ ही लावली. मी हळूच विचारलं, “रोख दिले तर किती?” तरुणानं इकडेतिकडे पाहून आकडा कमी केला. जेवढा कमी केला, तेवढंच बँकेचं व्याज. म्हणजे व्याज होतं. फक्त त्याला सूट म्हणत होते आणि ती आम्हाला मिळणार नव्हती. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. मुलांनी ईएमआयच घेतला, कारण घराचा हप्ता एकटा जातो तेव्हा त्याला सोबत लागते.

पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र विकणारा माणूस मात्र घरी आला. त्यानं पाण्यात मीटर बुडवला. १४० आकडा आला. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर पाणी चांगलं. हे मी सांगताच त्यानं पेटीतून दोन सळयांचं एक उपकरण काढलं, ते प्लगमध्ये घातलं, एक ग्लास नळाच्या पाण्याचा घेतला आणि एक स्वतःच्या बाटलीतला. दोन मिनिटांत आमचा ग्लास गटारासारखा तपकिरी झाला, त्याचा स्वच्छ राहिला. सूनबाईंनी तोंडावर हात नेला.

ती घाण पाण्यात नव्हतीच. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाची सळई झिजून पाण्यात उतरते. त्याच्या बाटलीतलं पाणी क्षार काढून टाकलेलं होतं, त्यामुळे तिथं वीज वाहिली नाही आणि गंजही सुटला नाही. तो आम्हाला आमचं पाणी दाखवत नव्हता, स्वतःची सळई दाखवत होता. शाळेतल्या प्रयोगशाळेत हे फुकट बघायला मिळायचं.

पण त्याच्या भात्यात शेवटचा बाण होता. “काका, आज पालिकेचं पाणी आहे. उद्या टँकर आला तर?” त्या भागात या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं. आरओ घेतला. तो एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. त्यामुळे टाकी लवकर संपते, त्यामुळे टँकर लवकर येतो, आणि टँकरचं पाणी आलं म्हणून आरओ लागतोच. इतकी एकजीव योजना मी सरकारी खात्यातही पाहिली नाही.

कपडे धुण्याचं यंत्र आठ किलोचं. हे वजन कोरड्या कपड्यांचं असतं, हे वहिनींना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. सुती कपड्यांचं चक्र दोन तास चाळीस मिनिटांचं. त्याआधी कॉलर आणि मनगटं हातानं घासून घ्यावीत, अशी पुस्तिकेत सूचना. भांडी धुण्याच्या यंत्राची तऱ्हा तीच : खरकटं काढा, विसळा, मग नीट रचून लावा. कढई उभी राहत नाही, ताटं राहतात, पण मधल्या वाट्या पालथ्या होतात. वहिनींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. “आपण धुऊन द्यायचं, मग ते धुणार. भाऊजी, ही मोठ्या घरची सून आहे.”

खरा प्रश्न पॉवर पॉइंटचा निघाला. फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसानं जिम दाखवली, बॅडमिंटन कोर्ट दाखवलं, ज्येष्ठांसाठी ‘ध्यानकक्ष’ दाखवला. सोळा अँपिअरचा प्लग कुणी दाखवला नाही आणि आम्हीही विचारला नाही. स्वयंपाकघरात तो एकच आहे. मायक्रोवेव्ह, ओव्हन, भांड्यांचं यंत्र आणि इंडक्शन शेगडी, चौघांनाही तोच हवा. वायरमन येऊन भिंतीकडे बघत म्हणाला, “टाइल्स लागायच्या आधी सांगायला पाहिजे होतं.” महाराष्ट्रातल्या प्रत्येक वायरमनला हे एक वाक्य आधी शिकवतात. आता फ्रीजच्या दारावर चुंबकानं एक वेळापत्रक लावलं आहे. सोमवार-बुधवार भांडी, मंगळवारी केक. केक अजून एकदाही झालेला नाही, पण मंगळवार राखीव आहे.

हिशेब मांडला तर असा : हप्ते ही दोघं भरतात, त्यासाठी दिवसाचे बारा तास घराबाहेर राहतात. त्या बारा तासांत घरात कोण असतं? फ्रीज असतो. तो हॉलमध्ये बसून टीव्हीकडे बघतो आणि अधूनमधून ऑफिसातल्या पुतण्याला कळवतो की दार नीट लागलेलं नाही.

वास्तुशांतीला दूध उतू घालायचं होतं. पाइपचा गॅस ‘लवकरच’ येणार होता, म्हणून इंडक्शन. वहिनींनी माहेरचं पितळी पातेलं आणलं होतं. चुंबक न चिकटणारं भांडं त्या शेगडीला दिसतच नाही. तिनं पिपाणी वाजवून आहेर परत केला. खोक्यातून नवं स्टीलचं पातेलं निघालं. सूनबाईंनी हौसेनं ‘दूध’ असं लिहिलेलं बटण दाबलं. दूध तापलं, साय धरली, कडेनं चढू लागलं, गुरुजींनी अक्षता उचलल्या, आणि शेगडी आपोआप बंद झाली.

दूध उतू जाऊ नये म्हणूनच ते बटण केलेलं होतं. कंपनीच्या इंजिनिअरांनी त्यावर किती रात्री जागवल्या असतील! आम्ही तीनदा दाबलं. तीनदा दूध काठाशी आलं आणि तीनदा यंत्रानं ते वाचवलं. गुरुजींना साडेबाराला दुसरीकडे सत्यनारायण होता. ते म्हणाले, “उतू गेल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.”

शेवटी वहिनींनी मुलांना बाजूला सारलं आणि ‘तळण’ दाबलं. अर्ध्या मिनिटात दूध फसफसून वर आलं, पातेल्याच्या चारी बाजूंनी ओसंडलं, काचेवरून वाहत बटणांत शिरलं. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. शेगडीनं एक लांब सूर काढला आणि तिचे सगळे दिवे गेले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्यानं शेगडी उघडली, वास घेतला आणि फॉर्मवर लिहिलं : आत द्रव गेला आहे, वॉरंटीत बसत नाही. वाढीव वॉरंटीतही नाही.

शकुन झाला, वॉरंटी गेली. चहा त्या दिवशी शेजाऱ्यांकडे झाला. त्यांच्याकडे सिलिंडर आहे.