हळदीतला हवाना

'दिवसाला किती?' असं डॉक्टर मित्राने विचारलं आणि प्रस्तुत लेखकाचा अपमान झाला. हा प्रश्न विडीवाल्याला विचारायचा. सिगारवाल्याला वर्षाचा हिशेब विचारतात. 'वर्षाला चार,' लेखक म्हणाला, 'आणि ओढत नाही रे, आस्वाद घेतो.' डॉक्टरने केसपेपरवर 'तंबाखू : होय' एवढंच लिहिलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. आस्वादासाठी त्या छापील कागदावर रकाना नव्हता.

जीभ बाहेर असताना माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. ती इथे मांडली आहे.

दुबईच्या भाच्याने दहा हवाना सिगारींचा डबा आणून दिला, त्याला दोन वर्षं झाली. तोवर लेखकाची ओळख 'सकाळी टेकडीवर भेटतात ते' एवढीच होती. त्या डब्याने त्याला व्यक्तिमत्त्व मिळवून दिलं. सिगार पेटवत नाहीत, तिचं टोक आधी ज्योतीवर फिरवून शेकतात. मिनिटाला एकच झुरका घेतात. राख झटकत नाहीत, ती आपणहून पडेपर्यंत थांबतात. आणि धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडून देतात. हे सगळं लेखक आल्यागेल्याला सांगू लागला. सिगारचं बंद टोक कापायला परदेशात छोटं पातं मिळतं. लेखकाने माळ्यावरून आजीचा अडकित्ता काढला. सुपारीत आणि हवानात अडकित्त्याला काही फरक वाटला नाही. एका दाबात टोपी उडाली आणि सोफ्याखाली गेली.

सौ. सिगारला 'चिरूट' म्हणतात. लेखकाला हे लागतं, कारण चिरूट म्हटलं की डोळ्यांपुढे कॉन्याक आणि चामड्याची खुर्ची येत नाही, जुन्या नाटकातला फौजदार येतो. हा शब्द मुळात तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, त्यावरून इंग्रजीत 'चेरूट' झालं, आणि त्रिचनापल्लीच्या सिगारची राख शेरलॉक होम्ससुद्धा १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत ओळखतो, इतकं सगळं त्याने एकदा समजावून सांगितलं. 'तुमची राख मीही ओळखते,' सौ. म्हणाल्या, 'कुंडीत टाकत जाऊ नका.'

व्हॉट्सॅपच्या डीपीवर लेखकाने चर्चिलसारखा फोटो लावला होता. चर्चिलच्या त्या जगप्रसिद्ध फोटोतला करारीपणा कुठून आला, हे त्याला नंतर कळलं. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात युसूफ कार्श या छायाचित्रकाराने चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्याच क्षणी बटण दाबलं. त्या फोटोत सिगार नाहीच. सिगार गेल्याचा राग आहे. लेखकाच्या फोटोत सिगार होती. 'बाबा, पोट साफ होत नाहीये का?' असं मुलीने बंगळुरूहून विचारलं.

चर्चिल हा सिगारवाल्यांचा कुलपुरुष. वय ९०. त्याच्या खालोखाल अमेरिकन विनोदी नट जॉर्ज बर्न्स. आयुष्यभर हातात सिगार, आणि वय चक्क १००. लेखकाने एका वहीच्या डाव्या पानावर ही नावं लिहून काढली आणि डॉक्टरसमोर ठेवली. डॉक्टरने पेन मागून घेतलं आणि न विचारता उजवं पान सुरू केलं.

पहिलं नाव अमेरिकन यादवी युद्धातला जनरल ग्रँट. १८६२ साली फोर्ट डोनल्सनची लढाई त्याने जिंकली, वर्तमानपत्रांत त्याच्या सिगारचा उल्लेख झाला, आणि कौतुकाने भारावलेल्या जनतेने त्याला हजारोंनी सिगारी पाठवल्या. फुकट आलेल्या वस्तूचं काय करायचं हे आपल्याकडेही सगळ्यांना माहीत आहे. १८८५ साली तो घशाच्या कर्करोगाने गेला. आठवणींचं पुस्तक कसंबसं पुरं केलं आणि काही दिवसांत संपला. दुसरं नाव फ्रॉइड. दिवसाला वीसेक सिगारी. १९२३ साली टाळू आणि जबड्याचा कर्करोग निघाला, तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला. सिगार सुटली नाही. 'दुनियेच्या मनातलं ओळखणारा माणूस,' डॉक्टर म्हणाला, 'आणि स्वतःचं तोंड बघ.' लेखकाने घाईघाईने डाव्या पानावर फिडेल कॅस्ट्रो लिहिलं. डॉक्टरने त्यापुढे बारीक अक्षरात भर घातली : '१९८५ साली सोडली.'

इथे थोडं विषयांतर. घाई असलेल्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडावेत. लेखकाला घाई नाही. ही गोष्ट सांगता यावी म्हणूनच त्याने सिगार धरली, असा घरच्यांचा संशय आहे.

१६०४ च्या सुमारास अकबराचा असद बेग नावाचा वकील आपल्या विजापूरला आला. 'आपल्या' म्हणायचं कारण, पुढे काही वर्षांनी पुण्यातला माणूसही विजापूरकडेच तोंड करून होता. तिथे आदिलशहाच्या राज्यात त्याला तंबाखू दिसला. उत्तरेत तोवर त्याने तो पाहिला नव्हता. असद बेगने काय करावं? नुसती पुडी नेली नाही. लांबलचक नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनचा अकीक, तंबाखू जाळायला सोन्याचं भांडं, आदिलशहाने दिलेल्या नक्षीदार पानाच्या बटव्यात तंबाखू, आणि हे सगळं चांदीच्या तबकात. लेखकाला हा माणूस फार जवळचा वाटतो. धुरापेक्षा सरंजाम महत्त्वाचा, हे याला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम कासावीस. आणि मग भर दरबारात जो वाद झाला, तो असद बेगने स्वतः लिहून ठेवला आहे. हकिमाचं म्हणणं, आमच्या ग्रंथांत या औषधाचा उल्लेख नाही, मग शिफारस कशी करू? असद बेग म्हणाला, फिरंगी लोक काय मूर्ख आहेत? त्यांच्यातही शहाणे आहेतच, आणि न तपासता निकाल कसला देता? हकीम म्हणाला, आमच्या शहाण्यांनी न पारखलेली फिरंग्यांची चाल आम्हाला नको. असद बेग म्हणाला, जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच होती. एकाकडे ग्रंथ, दुसऱ्याकडे परदेश, आणि तंबाखूची माहिती दोघांकडेही नाही. लेखकाच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री हेच चालतं, फक्त अकीक नसतो.

अकबराला असद बेगची बाजू पटली. ग्रंथांत नाही एवढ्यावरून नवी गोष्ट नाकारली तर पुढे जाणार कसं, असं तो म्हणाला. मग सरदारांनी तंबाखू मागितला, व्यापाऱ्यांनी आणला, आणि बघता बघता सगळीकडे झाला. गंमत म्हणजे त्याच १६०४ साली तिकडे इंग्लंडात राजा जेम्सने तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली आणि रतलामागे दोन पेन्सचा कर होता, त्यावर आणखी सहा शिलिंग आठ पेन्स चढवले. इकडे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. दोघांनाही यश आलं नाही, हे कुठल्याही पानटपरीवर उभं राहिलं की दिसतं.

ही गोष्ट लेखकाने आजवर अनेक बैठकींत सांगितली आहे. परवा डॉक्टरने ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, 'शेवट का गाळतोस?' शेवट असा, की असद बेगच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर, बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. दोन-तीन झुरके, कौतुकाचे चार शब्द, बस्स. विषयांतर संपलं.

आता हळदीकडे.

सिगार टिकायला सत्तर टक्क्यांच्या आसपास दमट हवा लागते. त्यासाठी 'स्पॅनिश सीडर' नावाच्या लाकडाची खास पेटी असते. पुण्यात चकलीचा डबा असतो. झाकण घट्ट बसणारा तो डबा लेखकाने लंपास केला, आत ओला स्पंज ठेवला, आणि दिवाळीत चकल्या दुसऱ्या डब्यात गेल्या त्या मऊ पडल्या. इथवर संसार तरला. मग एके दिवशी एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं. सिगारवाल्यांच्या जगात याहून वाईट बातमी नाही. हा तंबाखूचा भुंगा. तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि खाण्याच्या बाबतीत लेखकाहून कितीतरी उदार. त्याला तंबाखू आवडतो तशी हळद आवडते, धने आवडतात, तिखटही चालतं. चकलीच्या डब्याशेजारी मिसळणाचा डबा होता.

सौ.नी आजवर कर्करोगावर लेखकाशी वाद घातला नव्हता. हळदीवर घातला. 'अहो, सांगलीहून मागवलेली हळद आहे ती,' त्या म्हणाल्या, आणि पाव किलो हळद खिडकीशी नेऊन उजेडात धरली. त्या पिवळ्या ढिगात तपकिरी ठिपका चालत होता. हवानाचा रहिवासी सांगलीत सुखाने नांदत होता. या भुंग्यावर उपाय एकच : काही दिवस फ्रीजर. सिगारी मटारच्या पिशवीशेजारी गेल्या.

सिगार सुंदरींच्या मांडीवर वळतात अशी एक चावट दंतकथा आहे. खोटी आहे. क्यूबात सिगार टेबलावर, लाकडी फळीवर वळतात, आणि वळताना कामगारांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं. १८६५ पासूनची ही प्रथा, आणि सुरुवातीला वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. ड्यूमाची माँटेक्रिस्टो कादंबरी त्यांना इतकी आवडली की सिगारलाच ते नाव पडलं. मांडीवर वळली जाते ती विडी. सोलापूरला, सिन्नरला घराच्या उंबऱ्यात बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली तेंदूची पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूट टाकायची, वळायचं, टोक नखाने दाबायचं, दोरा. मजुरी हजार विड्यांवर मिळते. बंडलाला कादंबरीचं नाव नसतं; बहुधा मालकाचा फोटो असतो.

लेखकाचे वडील विडी ओढत.

पहाटे मोरीतून त्यांचा खोकला ऐकू आला की घर जागं होई. कॉलेजात असताना लेखकाला आरोग्याचा पुळका आला होता. तो वर्तमानपत्रातली कात्रणं काढून त्यांच्या ताटाखाली ठेवत असे. वडील कात्रण वाचत, घडी करून खिशात ठेवत आणि म्हणत, 'तुझे आजोबा चिलीम ओढून ब्याऐंशी वर्षं जगले.' वही नव्हती, पण डावं पान तेच होतं. लेखकाने तेव्हा त्याला 'व्यसन' म्हटलं होतं, पाहुण्यांसमोर. वडील ६१ व्या वर्षी गेले. त्यांच्या केसपेपरवरही 'तंबाखू : होय' इतकंच होतं. जुन्या कोटाच्या खिशात विड्यांचं बंडल सापडलं. तीन उरल्या होत्या. ते बंडल लेखकाने टाकलं नाही आणि कुठे ठेवलं तेही कोणाला सांगितलं नाही.

डॉक्टरशी वाद अजून चालू आहे. लेखक म्हणतो, धूर छातीत जातच नाही. डॉक्टर म्हणतो, जायची गरजच नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी, निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं, आणि मोठ्या सिगारमध्ये कधी कधी अख्ख्या पाकिटातल्या सिगारेटींइतका तंबाखू असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर वेगळा ग्रंथच काढला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळी यादी त्यात आहे. लेखक म्हणतो, ती रोज ओढणाऱ्यांची आकडेवारी. सटीसामाशी एखादी ओढणाऱ्याबद्दल पुरावा तोकडा आहे. हा त्याचा हुकमाचा एक्का. 'खरं आहे,' डॉक्टर म्हणाला, 'मग तू पुरावा व्हायचं ठरवलंयस का?'

खरं सांगायचं तर आकडाही खोटा होता. पेशंट डॉक्टरला नेहमी कमी सांगतात. लेखकाने वाढवून सांगितला. वर्षाला चार नव्हे, दोन वर्षांत चार. पहिलीचा धूर चुकून गिळला आणि अर्धा तास उचक्या दिल्या. दुसरी गच्चीत पावसाने विझवली. तिसरी शाळेच्या बॅचच्या संमेलनात फोटोपुरती पेटवली. चौथी वडिलांच्या श्राद्धाच्या रात्री, सगळे झोपल्यावर, मागच्या गॅलरीत. पेटवण्याआधी नाकाशी धरली, तर सुक्या तंबाखूचा तोच वास आला, त्या कोटाच्या खिशाचा. आवडली अशी ही एकच, आणि तिचा फोटो नाही.

परवा आइस्क्रीम काढायला लेखकाने फ्रीजर उघडला. मटारच्या मागे सिगारींची पिशवी होती. तिच्याशेजारी आणखी एक लहान पिशवी, तिच्यावर सौ.च्या अक्षरात चिठ्ठी : 'बाबांचं. टाकू नये.' भुंगा त्या बंडलापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी ते शोधून आत ठेवलं होतं. त्यांना ते कुठे सापडलं, हे लेखकाने विचारलेलं नाही.

आजच्या तारखेला फ्रीजरमध्ये सहा सिगारी, तीन विड्या आणि एक किलो मटार आहेत. नवीन हळद वरच्या फळीवर ठेवली आहे.