अण्णांचं टेबल

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात अण्णांकडे अनुदानाचं टेबल होतं. मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहांचे प्रस्ताव त्यांच्याकडे यायचे आणि 'पूर्ततेसाठी परत' जायचे. पहिल्याच फेरीत पुढे सरकलेला प्रस्ताव त्या इमारतीत कोणी पाहिलेला नाही. अण्णा पैसे खात नसत, आणि संस्थाचालकांचं खरं दुःख तेच होतं. खाणाऱ्याचा आकडा तरी ठरलेला असतो. अण्णांना हवा असायचा बांधकाम विभागाचा भाडे-दाखला. तो आणला की लेखापरीक्षकाचा शिक्का पुसट निघायचा. शिक्का ठसठशीत करून आणावा, तोवर भाडे-दाखल्याचं वर्ष उलटलेलं असायचं. यात दुष्टपणा नव्हता. कागदात चूक असतेच आणि ती सापडेपर्यंत कागद वाचून झालेला नसतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

हा माणूस वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाला आणि काकूंना घेऊन मुलाकडे मेलबर्नला राहायला आला. पश्चिमेकडचं टार्नीट हे उपनगर. बसस्टॉपवरसुद्धा मराठी कानावर पडतं. सुरुवातीला अण्णांनी नातवाच्या शाळेची पत्रकं, विजेची बिलं आणि गणपतीचा जमाखर्च यांवर भागवलं. जमाखर्च इतक्यांदा परत गेला की खजिनदार हल्ली त्यांच्या गल्लीतून गाडी नेत नाही.

मग सूनबाईंनी स्वतःचं चाइल्डकेअर काढायचं ठरवलं.

सूनबाईंनी इथे आल्यावर आधी सर्टिफिकेट थ्री केलं, मग डिप्लोमा, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या केंद्रांत मुलं सांभाळली. जागा बघून झाली, बँकेशी बोलणी झाली. उरलं अनुदान. ऑस्ट्रेलियात त्यावाचून केंद्र चालतच नाही. फी दिवसाला शंभर डॉलरच्या वर. तिच्यातला मोठा वाटा सरकार उचलतं, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ९० टक्क्यांपर्यंत. २ जुलै २०१८ पासून या योजनेचं नाव चाइल्ड केअर सबसिडी. पैसा आईबापांच्या हातात पडत नाही. तो केंद्राच्या खात्यात येतो आणि केंद्रानं तेवढी फी कमी लावायची. मान्यता नसलेल्या केंद्रात मूल घातलं तर सगळी फी पदरची. म्हणजे मान्यता नाही तर मुलं नाहीत.

हे सगळं मुलगा जेवताना समजावून सांगत होता. अण्णांचा घास हातातच राहिला.

"लाभार्थी पालक, आणि रक्कम जमा संस्थेच्या खात्यात?"

"हो अण्णा."

"मग तपासणी कडकच पाहिजे," अण्णा म्हणाले. अर्जदार आपल्याच घरातला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आलं असलं तरी फरक पडला नसता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू गेली. तिथे आवक-जावक नोंदवही आली, पंचिंग मशीन आलं, रंगीत झेंड्या आल्या. लाल टॅग टार्नीटमध्ये मिळेना, तेव्हा काकूंच्या शिवणाच्या डब्यातल्या नाडीवर भागवलं. सूनबाईंनी कुठलाही कागद थेट फाइलला लावायचा नाही. आधी आवक क्रमांक घ्यायचा. वरच्या मजल्यावर राहणारी सून खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सासऱ्यांना डिप्लोमाची प्रत 'सविनय सादर' करू लागली. प्रत परत आली. डिप्लोमावर माहेरचं नाव होतं, लग्नाचा दाखला सोबत जोडलेला नव्हता. लग्नात अण्णा स्वतः अक्षता टाकायला हजर होते, पण ते फाइलवर नव्हतं.

इथे दोन सरकारं आहेत. आधी राज्याच्या नियामकाकडून दोन मान्यता घ्यायच्या, एक चालकाला आणि एक केंद्राला. मग अनुदानासाठी कॅनबेराच्या शिक्षण खात्याकडे जायचं. चालकाच्या अर्जावर ६० दिवसांत आणि केंद्राच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यायचं बंधन कायद्यानं घातलेलं आहे. साहेबाला दिवस बांधून दिलेत हे ऐकून अण्णा चांगलेच अस्वस्थ झाले. पण पुढचं कलम वाचलं तेव्हा त्यांना भरून आलं. चालकाच्या अर्जावर मुदतीत निर्णय झाला नाही, तर अर्ज नामंजूर झाला असं समजायचं. "हा कायदा लिहिणारा," अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "कधीतरी टेबलावर बसलेला आहे."

जागेचं मोजमाप आलं. आतली मोकळी जागा मुलामागे ३.२५ चौरस मीटर, बाहेरची ७. जाण्यायेण्याची वाट, स्वच्छतागृह, सामानाची कपाटं यांची जागा त्यात धरायची नाही. नकाशा काढणाऱ्या तज्ज्ञानं हे सगळं वजा करून मुलांची संख्या काढून दिलेली होती. अण्णा टेप घेऊन गेले. कोपऱ्यातला एक खांब नकाशात आहे त्यापेक्षा जाड निघाला. तो त्यांनी वजा केला, दार उघडल्यावर जेवढा भाग व्यापतं तेवढा वजा केला आणि दोन मुलं कमी करून आले. दोन मुलं म्हणजे वर्षाचे किती डॉलर, याचा हिशेब मुलानं मांडून दाखवला. "ती मुलं बसवणार कुठे? खांबात?" अण्णा म्हणाले.

मग धोरणं. केंद्राकडे कोणकोणत्या विषयांची लेखी धोरणं हवीत याची यादीच नियमांत आहे: मुलांचं खाणं, झोप, ऊन, पाणी, प्रथमोपचार, सहल, मुलाला संध्याकाळी कोणाच्या हाती द्यायचं. सूनबाई हे सगळं रोज करतच होत्या. तान्ह्या मुलाला उताणं निजवायचं, अतिनील किरणांचा निर्देशांक ३ झाला की टोपी आणि क्रीम लावल्याशिवाय अंगणात सोडायचं नाही, हे त्यांच्या हातात बसलेलं. अण्णांनी मात्र प्रत्येक धोरणाला प्रस्तावना, व्याप्ती आणि परिशिष्ट जोडलं. ऊन-धोरणाची व्याप्ती ठरवताना मेलबर्नच्या जुलै महिन्यात ऊन म्हणजे नेमकं काय, यावर त्यांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला. चर्चा झाली. ती मी ऐकलेली आहे आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

आणीबाणीच्या रंगीत तालमीचं प्रकरण तर साऱ्या गल्लीनं पाहिलं. केंद्रात दर तीन महिन्यांनी इमारत रिकामी करायची तालीम घ्यावी लागते. केंद्र अजून कुलूपबंद होतं, म्हणून अण्णांनी ती घरात घ्यायचं ठरवलं. रविवारी साडेबाराला शिट्टी वाजली. मुलगा, सून, नातू, जेवायला बोलावलेले आम्ही दोघं आणि शेजारचं एक व्हिएतनामी जोडपं, जे नेमकं काय चाललंय ते बघायला आलं होतं, असे सगळे पत्रपेटीजवळ जमलो. अण्णांनी हजेरी घेतली. एक माणूस कमी भरला. काकू आत पुरणपोळ्या लाटत होत्या. अण्णांनी खिडकीतून हाक मारली. "तव्यावर आहे, ती उतरू दे, मग जळते मी," असं आतून उत्तर आलं. तालमीच्या नोंदवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'एक व्यक्ती इमारतीत राहिली. कारण: पोळी. उपाययोजना: सूचित केले.' पोळी मात्र अण्णांनी साजूक तूप घालून खाल्ली.

कॅनबेराच्या अर्जाला हात घातला तेव्हा त्यांच्या आयुष्यातला मोठा धक्का त्यांना बसला. अर्ज कागदावर नव्हता. प्रोडा नावाची सरकारी ऑनलाइन व्यवस्था आहे, तिच्यात खातं उघडून सगळं संगणकावरच भरायचं. खिडकी नाही, शिपाई नाही, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' नाही. नाडीनं बांधलेली फाइल कोणालाच द्यायची नव्हती. अण्णा दिवसभर गप्प होते. त्यातच साक्षांकित प्रतींचा विषय निघाला. आपल्याकडे स्वयंसाक्षांकन आलं तेव्हाच प्रशासन संपलं असं अण्णांचं मत. इथे साक्षांकनाचा अधिकार औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टलाही आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्चीचा हात धरला. "राजपत्रित अधिकारी नाही? खोकल्याचं औषध देणारा?" पण जाऊन आले. त्या मुलीनं मूळ प्रत मागून घेतली, पानन् पान ताडून पाहिलं, नाव, पद, तारीख घातली. अण्णा घरी येऊन म्हणाले, "पोरगी वाया चालली आहे दुकानात."

या कडकपणाला कारण आहे, आणि ते अण्णांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. घरगुती पाळणाघरांच्या नावावर, न आलेल्या मुलांची हजेरी लावून, इथे सरकारचे डॉलर लाटले गेले. खटले झाले, तुरुंगवास झाले. म्हणून आता आठवडा संपल्यापासून १४ दिवसांत प्रत्येक मुलाच्या हजेरीचा तपशील सरकारला कळवावा लागतो. वर्षाला ४२ गैरहजेरींपर्यंत अनुदान मिळतं, पुढच्यासाठी कारण लागतं. अण्णांना ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी आठवली. सगळ्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून एकाच वेळी डोकी मोजली होती, एक पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती. त्या आठवणीनं त्यांचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा उजळला. इथेही शाईच लावावी, असं त्यांनी सुचवलं. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, ती मुलं बोटं तोंडात घालतात." हा मुद्दा त्यांनी नोंदवून घेतला.

खरा पेच पडला तो माणसांच्या रकान्यात. संस्था ज्यांच्या हातात आहे त्या प्रत्येकाला आपण लायक आणि विश्वासार्ह आहोत हे सिद्ध करावं लागतं. पोलिसांचा दाखला, तोही ताजा. लहान मुलांत काम करायचा परवाना. कुठल्या कंपन्यांवर आजवर संचालक होता त्याचा उतारा. दिवाळखोर नसल्याचा शोध-अहवाल. सून आणि मुलगा, दोघांचे कागद तयार होते. पण अण्णांनी व्याख्या वाचली. भागीदार किंवा संचालक एवढ्यावर ती थांबत नाही. संस्थेच्या कामाचं नियोजन, दिशा किंवा नियंत्रण यांवर ज्याचा लक्षणीय प्रभाव असेल असा कोणीही माणूस तिच्यात येतो.

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी येतो यात."

"तुम्ही कसे याल अण्णा? तुम्ही तर नुसते..." मुलगा थांबला. नुसते काय, ते त्याला सांगता येईना.

"दोन मुलं कोणी कमी केली? ऊन-धोरण कोणाचं? तालीम कोणी घेतली?"

पुढचे काही दिवस त्या घरात अण्णांचा प्रभाव आहे की नाही, यावर जेवढा विचार झाला तेवढा त्यांच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात झाला नसेल. प्रभाव आहे म्हणावं तर त्यांचेही सगळे दाखले लागणार, आणि महाराष्ट्रातल्या नोकरीचे कागद गोळा करताना ते प्रत्येक कागद पूर्ततेसाठी परत पाठवणार. नाही म्हणावं तर ते खोटं ठरेल की काय, अशी सूनबाईंना रास्त भीती. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांचा प्रभाव? तीन वर्षं म्हणतायत, बाथरूमचा नळ दुरुस्त करा. नळाला विचारा."

शेवटी मुलानं एका रात्री, अण्णा झोपल्यावर, फक्त दोन नावं घालून अर्ज पाठवून दिला. सकाळी अण्णांना कळलं. ते रागावले नाहीत. जावक नोंदवहीत त्यांनी क्रमांक टाकला आणि शेरा लिहिला: 'माझ्या निदर्शनास न आणता रवाना.'

मध्ये बरेच दिवस गेले. मग कॅनबेराहून ईमेल आला: अधिक माहिती हवी. सूनबाईंचा चेहरा उतरला, मुलानं कपाळाला हात लावला. अण्णा मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसले.

"वाचलंय त्यानं!" ते म्हणाले. "अरे, तिकडे माणूस आहे. बसून वाचलंय."

माहिती हवी होती ती अशी. अर्जासोबतच्या संघटनेच्या आराखड्यात सर्वांत वर, तुटक रेषेच्या चौकटीत, 'अभिलेख सल्लागार' असं एक पद दाखवलं आहे. ही व्यक्ती कोण आणि तिचा संस्थेवर प्रभाव किती, याचा खुलासा करावा. चौकट कोणी काढली ते विचारायची गरज नव्हती. पट्टीनं आखल्यासारख्या सरळ तुटक रेषा त्या घरात एकच माणूस काढतो.

मुलगा आणि सून रात्री उशिरापर्यंत बसून उत्तराचा मसुदा लिहीत होते. सदर व्यक्ती ही आमच्या कुटुंबातली ज्येष्ठ असून संस्थेच्या निर्णयांवर तिचा कोणताही प्रभाव नाही, अशा आशयाचे चार परिच्छेद. मसुदा तपासायला अर्थातच अण्णांकडे गेला.

सकाळी तो परत आला. तिसऱ्या परिच्छेदासमोर लाल शाईत शेरा होता: 'विधान निराधार. पुरावा जोडावा.'

पुरावा म्हणून काकूंचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलं आहे. अण्णांची हरकत नाही, फक्त नमुना योग्य असावा. काकू लगेच तयार झाल्या. औषधाच्या दुकानात त्यांना जायचंच होतं, अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या.