पैसेही माझे, भीडही माझीच?

उसने पैसे परत मागताना आवाज कोणाचा खाली जातो? देणाऱ्याचा. घेणारा "बघू, करतो काहीतरी" म्हणून मोकळा होतो. मागणारा मात्र रात्री कूस बदलत विचार करतो, की आपण जरा जास्तच बोललो का. हे उलटं आहे. आणि ते उलटं आपणच करून ठेवलं आहे.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी ४० हजार रुपये दिले. महिनाअखेर होती, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. "पगार झाला की पहिले तुझे," तो म्हणाला. पगार झाला, पुढचाही झाला. चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की मी डबा खायला पंधरा मिनिटं उशिरा जायला लागलोय. समोरासमोर बसलो तर विषय निघेल, ही धास्ती. पैसे त्याच्याकडे आणि तोंड मी चुकवतोय!

सहाव्या महिन्यात खालच्या टपरीवर सात जणांच्या चहाचे पैसे त्याने दिले. मी थांबवलं नाही, विचारलंही नाही. त्या संध्याकाळी राग आला तो त्याच्यापेक्षा माझ्या भिडेचा. भीड भिकेची बहीण, असं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. आपण ती म्हण पाठ केली आणि भीड तशीच जपली.

हातउसने म्हणजे काय, ते आधी लख्ख करू. त्याला व्याज नाही, तारण नाही, जामीन नाही. आहे तो फक्त परत करण्याचा शब्द. आमच्या घरी शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, की परत करताना आई वाटी शिगोशीग भरायची. सपाट वाटी द्यायची नाही, हा तिचा नियम. उसनवारीची रीत ही अशी आहे. ज्याच्यापाशी शब्दाखेरीज काही गहाण नाही, त्याने तो शब्द जास्त जपायचा.

प्रत्यक्षात काय होतं? हाच माणूस पगारदारांच्या पतसंस्थेत गेला असता, तर त्याने जामीनदार आणले असते, फॉर्मवर सह्या केल्या असत्या आणि हप्ता पगारातून परस्पर कापला गेला असता. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ मध्ये तशी सोयच आहे. बँकेचा ईएमआय तो चुकवत नाही, कारण सिबिल बिघडतं. चुकतो तो फक्त आपला हप्ता, कारण आपण कोणाचं काहीच बिघडवत नाही. चांगुलपणाला सगळ्यात शेवटचा नंबर! हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

"जाऊ दे रे, सोडून दे," असं सांगणारे चार जण लगेच भेटतात. कोणी तुकोबांचा दाखलाही देतो. पण तो दाखला पुरता सांगा. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, त्याआधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्याच्या हाती दिली, असं चरित्र सांगतं. सोडलं ते स्वतःच्या वाट्याचं. माझ्या ४० हजारांत १५ हजार बायकोच्या शिलकीतले होते. ते नदीत सोडण्याचा अधिकार मला नाही आणि घेणाऱ्याला तर मुळीच नाही. माफ करायचंच असेल, तर तोंडाने सांगून माफ करा. मागायची लाज वाटते म्हणून गप्प बसणं याला औदार्य म्हणत नाहीत.

आणि गप्प बसण्याची किंमत कायद्यातही आहे. परतीची तारीख ठरलेली नसेल, तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे पैसे दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. "दिवाळीनंतर", "बोनस झाला की", "प्लॉट विकला की" करत तीन दिवाळ्या सहज जातात. घेणाऱ्याला काही करावं लागत नाही, तुमची भीडच त्याचं काम करते. म्हणून मुदत संपण्याच्या आत "एवढे पैसे देणं आहे" असा सहीचा कागद घ्या. त्या सहीपासून ३ वर्षं नव्याने मोजली जातात.

बोलणं कसं काढायचं? मी सहाव्या महिन्यात त्याला एकट्याला गाठलं. घसा कोरडा पडला होता, तरी ठरवलेलं वाक्य बोललो: "४० हजार कधी देतोस? तारीख सांग." संध्याकाळी तेच लिहून पाठवलं: पैसे दिल्याची तारीख, रक्कम, आणि "एकदम जमत नसेल तर हप्ते ठरव, पण लिहून कळव." त्यात टोमणा नव्हता, घरच्या अडचणींचा पाढाही नव्हता. मला पैसे का हवेत, हे मी सांगितलं नाही. आपलेच पैसे परत मागायला कारण लागत नाही.

रात्री उत्तर आलं: "सॉरी. महिन्याला ५ हजार देतो." एवढ्या एका ओळीची किंमत मोठी आहे. देणं आहे, हे त्याने कबूल केलं होतं. असे मेसेज पुसू नका. विहित प्रमाणपत्र जोडलं, की ते कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून दाखल करता येतात. यूपीआयने पैसे दिले असतील, तर बँकेचं स्टेटमेंटही जपून ठेवा.

उत्तर आलंच नाही, तर वकिलाची नोटीस. हातात लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असेल, तर दिवाणी कोर्टात ऑर्डर ३७ खाली समरी सूट लावता येतो. त्याने दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परतला, तर घड्याळ लगेच सुरू होतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात कलम १३८ ची तक्रार. कोर्टाची पायरी नको असेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे कोर्ट फी नाही, आणि जो निवाडा होतो त्यावर अपील नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव टाकू नका. न दिलेल्या पैशांचा विषय मागे पडतो आणि त्याच्या अब्रूचा विषय पुढे येतो. दोन, एचआरकडे जाऊन "याच्या पगारातून कापा" म्हणू नका. तुमच्या खासगी उसन्यासाठी कंपनी परस्पर पगार कापू शकत नाही. ते काम कोर्टाच्या हुकुमाचं. अशा हुकुमातही पगाराचे पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. पोलीस चौकीतही बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं, "ही दिवाणी बाब आहे." पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता, हे दाखवता आलं तरच ती फसवणूक ठरते.

खरं तर भीड मोडायची वेळ पैसे देतानाची. "देतो, पण दोन ओळी लिहून सही कर," एवढं बोलायला दोन मिनिटं अवघड जातात. ती दोन मिनिटं चुकवली, की तोच अवघडलेपणा वर्षभर पुरतो. २० हजार किंवा त्याहून मोठी रक्कम रोख देऊ नका. प्राप्तिकर कायद्याला ते चालत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. यूपीआय करताना शेऱ्यात "हातउसने" लिहा. परतीची तारीख ठरवा. ज्याला परत करायचे आहेत, त्याला या कशाचाही राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याने तुमचे पैसे वाचवले असं समजा.

माझे पैसे आठ हप्त्यांत आले. आठवा हप्ता जमा झाला, तेव्हा मी "मिळाले, हिशेब पूर्ण" एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता तो डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "वर्षभर मी सव्वा बारालाच जेवून घेत होतो, तू भेटू नयेस म्हणून."

एक जण लवकर जेवत होता, दुसरा उशिरा. मैत्री मागण्याने तुटली नव्हती, न मागण्याने तुटत चालली होती.