वानखेडेवरची गावकी

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर नाणेफेकीला हार्दिक पंड्या उभा राहिला आणि त्याच्याच मुंबई इंडियन्स संघाची जर्सी घातलेल्या गर्दीने त्याची हुर्यो उडवली. गुन्हा काय? संघाला पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केलं गेलं. निर्णय मालकांचा, शिक्षा खेळाडूला. समालोचक संजय मांजरेकरांनी माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं, तर समाजमाध्यमांवर लोक मांजरेकरांवरच तुटून पडले.

मला हार्दिकच्या हुर्योपेक्षा मांजरेकरांवर असं तुटून पडणं जास्त भयंकर वाटतं. वाळीत टाकणं टिकतं ते याच जोरावर. कोकणातली गावकी घ्या, नाहीतर एखादी जातपंचायत. एका घरावर बहिष्कार घालून तिचं भागत नाही. त्या घराशी बोलेल त्याला दंड, त्यांच्या लग्नाला जाईल त्याला दंड, मयताला खांदा देईल त्यालाही दंड. शेजाऱ्याचं त्या घराशी वैर नसतं, पण उद्या आपली पाळी येईल ही धास्ती असते. पंचांना पहारेकरी नेमावे लागत नाहीत, सख्खा भाऊच पहारा देतो. महाराष्ट्राने हे ओळखलं. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हा देशातला तसा पहिला. ३ जुलै २०१७पासून तो लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याबरोबर त्याला चिथावणी देणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

चाहत्यांच्या गटात पंच नसतात, चावडी नसते, पण धास्ती तीच. हार्दिकच्या फोटोला साधं लाइक दिलं तरी ‘गद्दार’. ‘जरा अति होतंय’ असं मनात आलेला पोरगा ते लिहीत नाही, उलट आपली निष्ठा दिसावी म्हणून स्वतःच एक शिवी टाकतो. शिवीला पैसे पडत नाहीत आणि गटात पत वाढते. अशा हजार मुक्या माणसांच्या हजार शिव्या झाल्या की बघणाऱ्याला वाटतं, सगळा समाजच चिडलाय. चिडलेले थोडेच असतात हो, बाकीचे भ्यालेले असतात.

२९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा रोखायच्या होत्या. चेंडू हार्दिकच्या हातात. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयोत्सवात त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. पंचायतीतही दंड भरला की माणसाला परत जातीत घेतात. हार्दिकने विश्वचषक भरला, म्हणून त्याला घेतलं. त्याने काही चूक केलेली होती का, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

विश्वचषकाएवढा दंड भरणं सगळ्यांना जमत नाही. वानखेडेवरच्या एप्रिलमधल्या त्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात काही जण एकत्र मॅच बघत होते. रोहित बाद झाला आणि चेन्नईच्या बाजूच्या एका वयस्क गृहस्थाने मुंबईवाल्यांना चिडवलं. दोघांनी त्या गृहस्थांना मारलं आणि काही दिवसांनी ते गेले. मारणारे परके नव्हते, गावातलेच होते.